डिझेल गाडीला जंप स्टार्टर लावताय? या चुका टाळा

आमच्या सोसायटीत कुणाची बॅटरी उतरली की सकाळी सकाळी माझी बेल वाजते. "काका, तुमचा तो डबा आणता का?" डबा म्हणजे जंप स्टार्टर, उतरलेल्या बॅटरीला लाल-काळे चिमटे लावून गाडी सुरू करायची हातात मावणारी लिथियम बॅटरी. मी फिटर नाही. पण पंधरा वर्षं डिझेल गाड्याच वापरतोय आणि त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय. पेट्रोल गाडी बऱ्याच चुका पोटात घालते, डिझेल घालत नाही.

पहिली चूक म्हणजे घाई. परवाच्या जानेवारीत निफाडला बहिणीकडे होतो. निफाडच्या थंडीबद्दल वेगळं सांगायला नको, द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. भाच्याची पिकअप लाल कांदा भरून उभी, पहाटे पाचला पिंपळगावला निघायचं, आणि बॅटरी बसलेली. त्याने सेलमध्ये घेतलेला नवाकोरा जंप स्टार्टर लावला आणि किल्ली फिरवली ती थेट सेल्फवर. घर्र घर्र घर्र, चांगले वीस सेकंद. सोडली की लगेच पुन्हा. तिसऱ्या वेळी डब्याने लाल दिवा दाखवून मान टाकली.

"मामा, मशीन बोगस आहे. दोन हजार अँपिअर नुसतं लिहिलंय."

मशीन ठीक होतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा सोळा-अठरा पट दाबली जाते आणि तापलेल्या त्या हवेनेच डिझेल पेटतं. रात्रभर गारठलेलं लोखंड ती उष्णता पिऊन टाकतं, म्हणून आत ऊब देणारे हीटर प्लग असतात. किल्ली 'ऑन'ला आणली की मीटरवर पिवळा कॉइलचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं. पाच-सात सेकंदांचं काम, पण तेवढाही दम कुणाला नसतो. भाचा म्हणाला, "तो दिवा कशाचा ते मला माहीतच नव्हतं." तीन वर्षं गाडी चालवतोय!

आता डब्याचा हिशोब. वर 20000 एमएएच लिहिलेलं असतं, ते आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचं. म्हणजे 74 वॅट-तास, बारा व्होल्टवर जेमतेम 6 अँपिअर-तास. गाडीची स्वतःची बॅटरी 65-70 ची. म्हणजे डबा तिच्या दहाव्या हिश्श्याचाही नाही. डिझेलचा सेल्फ फिरताना सहज अडीचशे अँपिअर ओढतो. वीस सेकंद सेल्फ मारला की जवळजवळ पाव डबा रिकामा, वर डबा तापतो, सेल्फही तापतो. 'दोन हजार पीक' हा आकडा तर क्षणभराचा. शेजारी बारीक अक्षरात स्टार्टिंग करंट दिलेला असतो, तो बघा. दिलेलाच नसेल तर तो डबा दुकानातच राहू द्या.

माझा डबा रात्री घरात ठेवला होता, त्यामुळे गारठला नव्हता. त्यावरचा अँपिअरचा आकडा भाच्याच्या डब्याच्या निम्मा. किल्ली ऑन, दिवा विझला, ऑफ. पुन्हा ऑन, पुन्हा विझला. मग सेल्फ. तिसऱ्या सेकंदाला इंजिनाने पकडलं. माझी सवय अशी: एका वेळी पाच सेकंद, मध्ये घड्याळ लावून एक मिनिट थांबायचं, आणि तीनदा जमलं नाही तर चिमटे काढायचे. चौथा प्रयत्न मी करत नाही.

दुसरी चूक बूस्टच्या बटणाची, आणि ही महाग पडते. बॅटरी अगदीच मेलेली असेल तर चिमट्यांना ती ओळखता येत नाही आणि ते करंट सोडत नाहीत. अशा वेळी हे बटण असतं. पण बऱ्याच डब्यांत बूस्ट दाबलं की उलट्या जोडणीचं संरक्षणही बंद होतं. आमच्या तळमजल्याच्या पार्किंगमध्ये एकाने मोबाइलच्या उजेडात चिमटे लावले. दिवा लागेना, म्हणून बूस्ट दाबलं. फाट्‌कन ठिणगी, जळक्या रबराचा वास, चिमट्याचे दोन दात वितळून टर्मिनलला चिकटलेले. झालं होतं असं, की कधीतरी कुठल्यातरी फिटरने मायनसच्या वायरला हाताशी होती ती लाल टेप गुंडाळली होती! तेव्हापासून मी वायरच्या रंगावर विश्वास ठेवत नाही. बॅटरीच्या अंगावर कोरलेलं अधिकचं चिन्ह फडक्याने पुसून बघतो. तेही दिसत नसेल तर प्लसचा खांब मायनसपेक्षा किंचित जाड असतो, बोटांना कळतो. आणि बूस्ट दाबण्याआधी टर्मिनलवरची पांढरी-निळी बुरशी गरम पाण्याने धुऊन नट आवळतो. निम्म्या वेळा बूस्टची गरजच उरत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

काळा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावू नका, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा. बॅटरीजवळ हायड्रोजन असतो, तिथे ठिणगी नको. रंग दिलेल्या बोल्टला लावून "लागत नाही" म्हणणारेही भेटलेत.

गाडी सुरू झाली की अर्ध्या मिनिटात चिमटे काढा. अल्टरनेटरचे, म्हणजे चालू गाडीत बॅटरी भरणाऱ्या जनित्राचे, चौदा व्होल्ट उलटे डब्यात जातात. सेल्फी नंतर.

बॅटरी फुगलेली किंवा चिरलेली असेल तर हातच लावू नका.

ट्रकला, म्हणजे चोवीस व्होल्टवाल्या गाडीला, हा बारा व्होल्टचा डबा लावायचा नाही. विचारणारे विचारतातच.

मे महिन्यात डबा डॅशबोर्डवर ठेवू नका. जळगावच्या उन्हात बंद गाडीत लिथियम सेल फुगतात. घरी ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा. अर्ध्यावर आलेला डबा फोन चार्ज करेल, डिझेल उठवणार नाही.

सुरू झालेली गाडी चहाच्या टपरीवर बंद करू नका. अर्धा-पाऊण तास चालवा, आणि बॅटरी पार उतरली असेल तर घरी आल्यावर रात्रभर चार्जरला लावा. नुसत्या अल्टरनेटरवर ती पूर्ण भरत नाही.

आणि एक. सेल्फ जोरात, ऐटीत फिरतोय, तरी गाडी धरत नाही, तर दोष बॅटरीचा नाही. बऱ्याचदा टाकी कोरडी होऊन डिझेल लाइनने एअर घेतलेली असते, म्हणजे नळीत हवा शिरलेली असते. माझ्या ओळखीच्या एकाने अशा गाडीवर दोन डबे संपवले आणि सेल्फही जाळला. डबा बाजूला ठेवा, पाच लिटर डिझेल घाला आणि फिल्टरपाशी हातपंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबा.