दगड-मातीचं जुनं घर भूकंपासाठी मजबूत करताना या चुका टाळा

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशावर क्षेत्र 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. जीव गेले ते मुख्यतः दगडी भिंती आणि माळवदाखाली, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या मातीच्या सपाट छताखाली. तशी घरं मराठवाड्यात आजही नांदती आहेत, आणि ती पक्की करायला निघालेला माणूस बहुतेक वेळा आधी सिमेंटचा गिलावा मारतो.

इथेच फसगत होते. अडीच फुटी भिंत एकसंध दिसते, पण ती असते दुपदरी: आत-बाहेर दगडांचे दोन थर, मध्ये चिपा आणि माती. हादऱ्यात मधला भराव खाली बसतो, दोन्ही थरांना बाहेर रेटतो, भिंतीला पोट येतं आणि एक थर ढासळतो. गिलावा हे पोट झाकतो, थर बांधत नाही. म्हणून आधी ओळंबा लावून बघा. पोट आलेला भाग छताला टेकू देऊन उतरवा आणि नव्याने रचा.

उरलेल्या भिंतीत साधारण दर मीटरवर, उभे-आडवे, दोन्ही थरांना बांधणारे काँक्रीटचे आरपार सांधे घाला. सळईने दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, मोकळ्या करून एकेक दगड हलकेच काढा आणि सुमारे 75 मिमीचं, दोन्ही तोंडांना रुंद असं भोक पाडा. त्यात दोन्ही टोकांना आकडा असलेली 8 मिमीची सळई ठेवून 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरा. छिन्नी-घणाने ठोकू नका, आजूबाजूचे दगडही सुटतात. एका भिंतीत एका वेळी पाच-सहा भोकं पुरेत. सळईची टोकं काँक्रीटबाहेर राहिली तर गंजतात. पाणी किमान दहा दिवस मारा.

दुसरी मोठी चूक वर असते. गळलं की माळवदावर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. दोन फूट ओल्या मातीचं ओझं चौरस मीटरला टनभर होतं. खरं तर भिंतीआधी याला हात घालायला हवा. माती 20 सेंमीपर्यंत उतरवा, खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, उतार द्या. एकाच बाजूने उपसू नका, तुळया एकांगी ओझ्याने कलतात.

खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरके लाकडी टेकू मारा. किल्लारीत काही घरांच्या भिंती कोसळल्या तरी लाकडी सांगाडा उभा होता. दार रुंद करायला खांब हलवू नका.

भिंती एकमेकींना बांधायला दारा-खिडक्यांच्या वर तारेच्या जाळीचा आणि सिमेंटच्या गिलाव्याचा पट्टा घालताना तो कोपऱ्यावर तोडू नका, चारही भिंतींवरून सलग न्या. जोडावर जाळी 30 सेंमी एकमेकींवर चढवा. खालचा मातीचा गिलावा आधी खरवडा, नाहीतर पट्टा मातीलाच चिकटतो. 1:3 चा (सिमेंट, वाळू) मसाला दोन थरांत द्या.

आणि या भिंतींवर स्लॅब टाकायचा विचार असेल, तर तो सोडा. माळवद काढून हलके पत्रे घाला, कैच्या (पत्र्यांखालचे तिकोनी सांगाडे) भिंतीवर टेकवण्यापेक्षा लाकडी खांबांवर बसवा.