पेरणीआधी पंजीच्या स्प्रिंगा बघून घ्या: आधी तारेची जाडी, मग लांबी

रोहिणी लागल्या की सगळ्यांचं लक्ष बियाणं, खत आणि आभाळाकडे. मृग 7 जूनच्या आसपास लागतो. पहिला दमदार पाऊस होऊन वाफसा आला की कोणालाच दम धरवत नाही आणि ऐन त्या दिवशी पंजीचा, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या कल्टिव्हेटरचा, एखादा दाता (फाळ बसवलेला दांडा) लुळा पडतो. तालुक्याच्या दुकानात त्याच मापाची स्प्रिंग मिळेलच असं नाही, मग दुकानदार देईल ती बसवली जाते. मे संपायच्या आत तासभर काढून हे काम उरकलेलं बरं.

स्प्रिंगची पंजी घ्यायची ती गोटाळ, मुरमाड वावरासाठी, किंवा तुरीचे आणि पऱ्हाटीचे खुंट जिथे जमिनीत राहिलेत तिथे. फाळ गोट्याला अडला की दाता मागे झुकतो, स्प्रिंग ताणली जाते, आणि गोटा मागे पडला की दाता पुन्हा जागेवर येतो. बिनगोट्याच्या काळ्या जमिनीत साधी, बिनस्प्रिंगची पंजीही भागवते. बहुतेक पंज्यांना दर दात्यामागे दोन स्प्रिंगा असतात. त्यातली एक ढिली झाली तर दाता तिरपा ओढला जातो आणि बुश, म्हणजे दाता जिथे फिरतो तिथली नळी, एका अंगाने झिजतो. दोन्ही ढिल्या झाल्या तर तो दाता उथळ चालतो, त्याच्या पट्ट्यात हराळी तशीच राहते, आणि पुढे पेरणीचं बी तिथे कमी खोल पडतं. म्हणून बदलायची तर जोडीच बदला. नवी-जुनी एकत्र लावली की पुन्हा तिरपेपणा आलाच.

ढिली स्प्रिंग ओळखायची कशी? पंजी टेकवून दात्यांवरचा ताण काढा, तारेच्या ब्रशने माती आणि गंज झाडा आणि स्प्रिंग उजेडासमोर धरून बघा. ताणाच्या स्प्रिंगचे वेढे मोकळे असताना सहसा एकमेकांना चिकटून बसतात. वेढ्यांमधून उजेडाची रेघ दिसली, तीही एकाच ठिकाणी जास्त, तर ती ताणून संपली असं समजा. जाड तारेच्या, तापवून वळलेल्या काही स्प्रिंगांत थोडी फट मुळातच असते, त्यामुळे शेजारच्या दात्याच्या स्प्रिंगशी ताडून मगच ठरवा.

आता मापाचं. जुनी स्प्रिंग घेऊन दुकानात गेलं की दुकानदार ती नव्या स्प्रिंगच्या बाजूला ठेवतो, लांबी जुळली की झालं. इथेच फसगत होते, कारण जुनी स्प्रिंग आधीच लांबलेली असते आणि ताकद लांबीवर नाही, तारेच्या जाडीवर सगळ्यात जास्त ठरते. जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. 10 मिलीमीटर तारेच्या जागी 11 मिलीमीटर आली, वेढ्याची रुंदी आणि वेढे तेवढेच, तर स्प्रिंग जवळपास 46 टक्के कडक होते. 9 मिलीमीटरची आली तर ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटते. डोळ्याला हा फरक दिसत नाही. वेढ्याची रुंदी वाढली की स्प्रिंग नरम होते, तेही घनाच्या हिशेबाने. वेढे वाढले तरी नरम होते, पण ते सरळ प्रमाणात.

हिशेबच करायचा तर समजा तार 10 मिलीमीटर, वेढ्याचा बाहेरचा व्यास 60, म्हणजे तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत 50, आणि वेढे 30. अशी पोलादी स्प्रिंग दर एक सेंटीमीटर ताणायला सुमारे 27 किलो जोर लागतो. वेढे चिकटलेल्या स्प्रिंगमध्ये सुरुवातीचा ताण आधीच भरलेला असतो, तो भागल्याशिवाय ती उघडतच नाही, म्हणून तो यात वेगळा धरायचा.

व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) नसेल तर एक सोपी युक्ती आहे. न ताणलेल्या स्प्रिंगचे चिकटलेले दहा वेढे पट्टीने मोजा आणि दहाने भागा, तारेची जाडी मिळते. त्यासोबत बाहेरचा व्यास, वेढ्यांची संख्या, एका हुकाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंतची लांबी आणि दोन्ही हूक एकाच रेषेत आहेत की काटकोनात, एवढं कागदावर लिहून न्या. माप संपलेल्या स्प्रिंगचं नको, शेजारच्या चांगल्या स्प्रिंगचं घ्या.

‘जरा दमदार द्या’ असं म्हणून जाड तारेची घेणं मला पटत नाही. कडक स्प्रिंग गोट्यावर वाकत नाही, मग दाता वाकतो नाहीतर फ्रेमला चीर जाते. स्प्रिंग स्वस्त, फ्रेम महाग.

ताणाची स्प्रिंग तुटते ती बहुतेक वेळा हुकाच्या वळणावर, जिथे शेवटचा वेढा वर उचलला जातो. तिथे बोट फिरवून बघा, खाच, हातोड्याची खूण किंवा केसासारखी चीर असेल तर ती स्प्रिंग काढून टाका. तुटलेला हूक वेल्डिंग करून घेणं, किंवा एक वेढा भट्टीत तापवून नवा हूक वळवणं, गावोगाव चालतं. तापवलं की तारेचा कस जातो, शिवाय एक वेढा कमी झाल्यावर मापही बदलतं. दात्यावर वेल्डिंग चालू असताना स्प्रिंगवर ठिणग्या पडू देऊ नका, अर्थिंगचा चिमटा तर तिला अजिबात लावू नका. खताच्या पेटीजवळच्या छोट्या स्प्रिंगा युरिया-डीएपीने खाल्ल्या जातात. तिथे स्टेनलेस टिकते, पण त्याच मापात ती थोडी नरम असते, हे लक्षात असू द्या.

जिथे हूक तुटला तर वजन खाली येईल किंवा तार सुटेल, तिथे ताणाची स्प्रिंग नको, ड्रॉबार स्प्रिंग घ्या. तिच्या आत मुळात दाबाची स्प्रिंग असते आणि दोन बाजूंनी दोन लांब यू आकाराच्या सळया तिच्यातून आरपार जाऊन पलीकडच्या टोकाला अडकतात. सळया ओढल्या की स्प्रिंग दाबली जाते. वेढ्याला वेढा टेकला की पुढे ती ताणत नाही, साखळीसारखी नुसती धरून ठेवते. आतली स्प्रिंग तुटली तरी सळ्या एकमेकींतून सुटत नाहीत. ती जड असते, महाग असते, आणि तिची चाल मोजकी असते. पण फवारणीचा बूम (नोझलांचा आडवा दांडा) टांगायला, घरच्या झोपाळ्याला, आणि रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी लावलेल्या झटका कुंपणाच्या ताणलेल्या तारेला हीच योग्य. रोही तारेवर आदळला की तार थोडी लवते आणि परत ताणते, खांब उखडत नाही. खांब आणि स्प्रिंग यांच्यामध्ये इन्सुलेटर हवाच. झटका कुंपणाच्या फाटकाला मात्र साधी, हलकी ताणाची स्प्रिंग पुरते. ती लोंबायला लागली की बदला. कुंपणाला झटका मशीनशिवाय थेट घरची वीज जोडणं हा गुन्हा आहे आणि माणसाचा जीवही जातो.

ब्रेक आणि क्लचच्या पेडलची परतीची स्प्रिंग तुटल्यावर ट्यूबची पट्टी बांधून ट्रॅक्टर चालवणारे बरेच दिसतात. ब्रेक अर्धवट दाबलेला राहून तापतो, तेव्हा ही स्प्रिंग त्याच दिवशी आणा.

पंजीची स्प्रिंग काढताना आधी ॲडजस्टरचा नट पूर्ण ढिला करा, मग हूक काढा, आणि स्प्रिंगच्या सरळ रेषेत तोंड नेऊ नका. पंजी लिफ्टवर नुसती उचललेली असेल तर खाली ठोकळे लावल्याशिवाय हात घालू नका. हडंब्याच्या (मळणीयंत्राच्या) पट्ट्याची ताणपुलीची स्प्रिंगही याच फेरीत मोजून कागदावर टिपून ठेवा, सोयाबीन काढणीला ऑक्टोबरमध्ये तीच आधी लागते.