जुनी पोलो घेताना: आधी इंजिन ओळखा, मग इसार द्या

जाहिरातीतल्या फोटोत फोक्सवॅगनची जुनी पोलो सहसा देखणीच दिसते, आणि घोळ तिथेच होतो. या गाडीचा पत्रा उशिरा थकतो. दार लावलं की अजूनही भरीव आवाज येतो, दहा वर्षं झाली तरी रंग टिकून असतो. खर्च निघतो तो न दिसणाऱ्या जागांतून: टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा), गिअरबॉक्स, एसीची कूलिंग कॉइल, दारांची लॉक. त्यामुळे ही गाडी मॉडेलचं साल आणि मीटर बघून घेऊ नये. बॉनेटखाली कोणतं इंजिन आहे आणि त्याची देखभाल कुणी, कशी केली, यावर घ्यावी.

फोक्सवॅगनची पहिली पोलो १९७५ मध्ये जर्मनीत आली, ऑडी ५० या छोट्या गाडीवर बेतलेली. आपल्याकडे आली ती पाचवी पिढी, म्हणजे २०१० मध्ये युरोपात ‘कार ऑफ द इयर’ ठरलेली. चाकणचा कारखाना ३१ मार्च २००९ रोजी सुरू झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे पोलो तयार होऊ लागली. युरोपला २०१७ मध्ये नवी पिढी मिळाली. चाकणला मात्र वरवरचे बदल होत तीच बॉडी २०२२ पर्यंत चालली. नव्याची हौस असणाऱ्यांची यात निराशा झाली, पण जुनी गाडी घेणाऱ्याचं भलं झालं. बारा वर्षं एकच बॉडी असल्यामुळे भंगार बाजारात दारं, दिवे, बंपर मिळतात. शिवाय व्हेंटो, अमिओ आणि स्कोडा रॅपिड या त्याच समूहाच्या गाड्यांशी बरेच पार्ट जुळतात. पार्ट मागताना गाडीचं नाव सांगण्यापेक्षा जुन्या पार्टवरचा क्रमांक दाखवा. तोच पार्ट दुसऱ्या गाडीच्या नावाने स्वस्तात मिळून जातो.

पायरी १: इंजिन ठरवा

या एका बॉडीत आठ-नऊ वेगवेगळी इंजिनं आली, आणि प्रत्येकाचं दुखणं निराळं आहे.

१.२ एमपीआय पेट्रोल हे टर्बो नसलेलं, तीन सिलिंडरचं, ७५ पीएसचं (साधारण हॉर्सपॉवर) इंजिन. चढावर आणि एसी लावल्यावर दमतं, पण साधं आहे. टायमिंगला चेन असल्यामुळे बेल्ट बदलायची कटकट नाही. मात्र थंड इंजिन चालू करताना पहिल्या काही सेकंदांत साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला, तर चेन ढिली पडली असण्याची शक्यता धरा. दुसरं नेहमीचं दुखणं इग्निशन कॉइलचं. इंजिन अडखळतं आणि चेक लाइट लुकलुकते. स्कॅनरवर (गाडीतले दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०३०१ हा कोड आला म्हणजे पहिला सिलिंडर चुकतोय. त्याची कॉइल दोन नंबरच्या सिलिंडरवर लावा आणि पुन्हा तपासा. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलचाच. कोड जागचा हलला नाही, तर प्लग आणि इंजेक्टरकडे वळा. लाइट लुकलुकत असताना गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि कॉइलच्या कित्येक पट महाग पार्ट जळून जातो.

डिझेलमध्ये २०१४ पर्यंत तीन सिलिंडरचं १.२ टीडीआय (टर्बो डिझेल) होतं, नंतर चार सिलिंडरचं १.५ टीडीआय आलं. हायवेला १.५ सारखी मजा या किमतीत क्वचितच मिळते. पण त्याच्या टायमिंगला बेल्ट आहे. तो चालत्या इंजिनात तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. किती किलोमीटरला बदलायचा ते इंजिन कोडनुसार सर्व्हिस पुस्तिकेत बघा. बेल्टचं रबर वयानेही कडक होतं, त्यामुळे कमी चाललेल्या जुन्या गाडीला सूट नाही. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असं समजा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. काम करताना टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून आणि वळवून धरणारी चाकं) आणि वॉटर पंप एकाच वेळी बदला. पंप त्याच बेल्टवर फिरतो. तो नंतर गळला तर सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते.

डिझेलचा दुसरा मोठा खर्च ड्युअल मास फ्लायव्हीलचा, म्हणजे इंजिनाची थरथर शोषणाऱ्या दोन भागांच्या जड चाकाचा. इंजिन बंद करताना गिअरबॉक्सच्या बाजूने खडखड आली, किंवा न्यूट्रलमध्ये होणारा आवाज क्लच दाबल्यावर बदलला, तर फ्लायव्हील संपत आलं आहे. क्लचप्लेट आणि फ्लायव्हील एकत्र बदलण्याचा अंदाज आधी घ्या, मग बोली लावा. २०१५ अखेरपर्यंतच्या डिझेलबाबत आणखी एक चौकशी करायची. उत्सर्जन घोटाळ्यानंतर (चाचणीत प्रदूषण कमी दाखवणारं सॉफ्टवेअर गाड्यांत सापडलं होतं) त्या डिसेंबरात फोक्सवॅगन समूहाने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. चॅसिस क्रमांक देऊन ते सॉफ्टवेअरचं काम झालं आहे का, ते अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

जीटी टीएसआय या मॉडेलचं १.२ टर्बो पेट्रोल इंजिन गोड आहे. भीती त्याच्या डीएसजी या सात गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. आत दोन कोरडे क्लच असतात: एक विषम गिअरसाठी, दुसरा सम गिअर आणि रिव्हर्ससाठी. तेलात बुडालेले नसल्यामुळे गर्दीत पुढे-पुढे सरकताना ते तापतात आणि झिजतात. त्यांना हलवणारा मेकॅट्रॉनिक नावाचा हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला की मीटरवरचा गिअरचा आकडा लुकलुकतो, मग एकेक गिअर गायब होतात, आणि कधी गाडी भर चौकात न्यूट्रलमध्ये जाते. मेकॅट्रॉनिक बदलल्याचं बिल असलेली गाडी घ्यायला हरकत नाही. बिल नसेल आणि गाडी कायम शहरातच चाललेली असेल, तर मोह आवरा.

२०२० नंतरचं १.० टीएसआय ११० पीएसचं आहे आणि त्यातल्या ऑटोमॅटिकला डीएसजी नाही. सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) आहे, जो गर्दीत निर्धास्त चालतो. बजेट पुरत असेल तर या रांगेतली डोळे झाकून बघायला जावी अशी हीच गाडी. (घ्यायची मात्र डोळे उघडे ठेवूनच.) २०१८ चं १.० एमपीआय घरून ऑफिसला जाण्यापुरतं ठीक.

एअरबॅगची खात्री वेगळी करा. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅगच्या पोलोला चार. त्यानंतर कंपनीने दोन एअरबॅग सगळ्याच गाड्यांना दिल्या. त्याआधीची, एअरबॅग नसलेली स्वस्त गाडी सोडून द्या.

पायरी २: थंड गाडी बघा

मालकाला आदल्या दिवशीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं आहे असं समजून पुढचं बघा.

किल्ली फिरवा, पण स्टार्ट करू नका. एबीएस, एअरबॅग, इंजिन, ईपीसी (इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा) हे दिवे लागले पाहिजेत, आणि स्टार्ट केल्यावर विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा मुळात लागलाच नाही तर ते जास्त वाईट. कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असतो.

आता दारं. पोलोच्या लॉकमधला बारीक स्विच मरतो आणि त्याबरोबर सगळं लॉकच बदलावं लागतं. चारही दारं बंद करा, मग एकेक उघडा. दरवेळी मीटरवर दार उघडं असल्याचं चिन्ह आलं पाहिजे. एखादं दार उघडूनही मीटरला पत्ता नसेल, तर त्याच दाराचं लॉक गेलेलं आहे. रिमोटने लॉक केल्यावर प्रत्येक हँडल ओढून बघा. काचा पूर्ण खाली-वर करा. अडखळत चढणारी काच म्हणजे ती खाली-वर करणाऱ्या रेग्युलेटरची धोक्याची घंटा.

पुढच्या पायाजवळचं कार्पेट दाबून बघा. दाराच्या आतल्या पॅनेलची सील सुटली की पावसाचं पाणी आत झिरपतं. तेवढंच असेल तर दुरुस्ती किरकोळ आहे. पण सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसली, सीटच्या रुळांवर गंज दिसला किंवा स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ बसलेला असला, तर गाडी पुरात बुडालेली आहे. तिथून निघा.

कूलंटची टाकी पारदर्शक आहे. आत गुलाबी किंवा जांभळट द्रव हवा. तपकिरी गढूळ दिसला तर कुणीतरी नळाचं पाणी किंवा भलता हिरवा कूलंट ओतला आहे. पाइपांच्या सांध्यांवर गुलाबी पापुद्रा म्हणजे सुकलेली गळती. १.० च्या इंजिनांत थर्मोस्टॅट आणि पंपाच्या प्लास्टिक हाउसिंगभोवती मुद्दाम टॉर्च मारा.

पायरी ३: किमान ४० मिनिटं चालवा

चौकातून एक गोल फेरी मारून काही कळत नाही. गिअरबॉक्स आणि एसी दोन्ही तापल्याशिवाय खरं बोलत नाहीत.

मॅन्युअल गाडीत तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ला येऊन एकदम अॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढले आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. डीएसजी असेल तर आधी गर्दीत अर्धा तास काढा, मग चढावर थांबून सुटा, चढावर रिव्हर्स घ्या, आणि मोकळ्या रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये एकेक गिअर बदला. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना अंग हलवणारी थरथर आली, तर क्लचची झीज झालेली आहे.

गतिरोधकावरून हळू जाताना काचा खाली आणि रेडिओ बंद ठेवा. पुढून टक्टक् आली तर लिंक रॉड, स्ट्रटचा टॉप माउंट किंवा लोअर आर्मचं बुश यांपैकी काहीतरी. ही कामं आवाक्यातली आहेत. त्यांच्यावरून गाडी नाकारू नका, घासाघीस करा.

शेवटी गाडी उन्हात उभी करून इंजिन चालू ठेवा आणि एसी दहा मिनिटं पूर्ण चालवा. गार हवा हळूहळू कोमट झाली तर ‘फक्त गॅस भरायचा आहे’ हे वाक्य ऐकू येईल. गॅस आपोआप संपत नाही, तो कुठूनतरी जातो. गळती डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये निघाली तर अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो, आणि नीट न बसवलेला डॅशबोर्ड पुढे आयुष्यभर किरकिरतो.

पायरी ४: स्कॅनर लावा

फोक्सवॅगनचं काम करणाऱ्या गॅरेजमध्ये व्हीसीडीएस (फोक्सवॅगन समूहाच्या गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर) किंवा तत्सम स्कॅनर असतो. गाडी तिथे न्यायला मालक तयार नसेल, तर उत्तर तिथेच मिळालं. फक्त इंजिन नव्हे, सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) तपासायला सांगा. बऱ्याच दोषांसोबत दोष कधी आला त्या वेळचं किलोमीटर नोंदलेलं असतं. मीटर ६२ हजार दाखवतंय आणि जुन्या दोषापुढे ९१ हजार लिहिलंय, असं दिसलं तर मीटर मागे फिरवलेलं आहे. सगळे कोड नुकतेच पुसलेले असणं हाही पुरावाच. अशा वेळी आणखी तासभर गाडी चालवून पुन्हा स्कॅन करा.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात

किमतीच्या साधारण दहावा हिस्सा बाजूला ठेवा. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर आणि ब्रेक फ्लुइड लगेच बदला, जुन्या मालकाने काहीही सांगितलं तरी. ऑइलच्या डब्यावर फोक्सवॅगनचा मंजुरी क्रमांक हवा. पेट्रोलच्या बहुतेक इंजिनांना तो ५०२ ०० चालतो, पण आपल्या पुस्तिकेत बघून घ्या. १.५ टीडीआयला सुमारे सव्वाचार लिटर ऑइल लागतं. पूर्ण पाच लिटरचा डबा उलटा करणारा मेकॅनिक दिसला तर हात धरा. कंपनी १५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष सांगते. धूळ आणि सिग्नलच्या शहरात ८ ते १० हजारांवर बदललं तर टर्बोला बरं.

लोगोचा डबा प्रत्येक वेळी हवाच असं नाही. क्लचसाठी लुक, बेल्टसाठी आयएनए किंवा काँटिटेक, प्लग-फिल्टरसाठी बॉश आणि माहले ही नावं घेतली तरी चालेल. फसवाफसवी होते ती नकली डब्यांत, त्यामुळे पक्कं बिल घ्या.

चाकाला नटाऐवजी बोल्ट असतात. त्यामुळे चाक बदलताना ते हबवर टेकवून भोक जुळवावं लागतं. पहिल्यांदा करताना वैताग येतो. बोल्ट १२० न्यूटन-मीटरला कसायचे. पंक्चरवाल्याने एअर गनने ठोकून घट्ट केले असतील तर घरी ढिले करून टॉर्क रेंचने पुन्हा कसा. नाहीतर एखाद्या रात्री हायवेवर ते सुटता सुटणार नाहीत.

डीएसजी असेल तर सवय बदला: चढावर अॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका, ब्रेक वापरा. गर्दीत पुढच्या गाडीमागे वीतवीतभर सरकू नका. अंतर पडू द्या आणि मग एकदाच पुढे घ्या.

कागद

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या आरटीओतली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो-क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, त्यामुळे हप्ता वाढेल तो हिशेबात धरा. ई-चलन पोर्टलवर थकलेली चलनं इसार देण्याआधी बघा, नंतर ती कुणी भरायची यावरून भांडण होतं. फास्टॅग जुन्या मालकाला बंद करायला लावा आणि आपल्या नावाने नवा घ्या.