'आपल्याला जमेल का' हा किडा डोक्यात शिरला असेल तर हे करून बघा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नवीन लागलेली पोरं, आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून आलेली, पहिल्या दोन-तीन महिन्यांत एकच वाक्य म्हणतात, "सर मला नाही जमणार हे." मग रात्री रूमवर पडून मोटिवेशनचे रील्स बघतात, सकाळी बसमध्ये बसेपर्यंत जोश असतो आणि गेटवर पंच केलं की गायब. म्हणून आधीच सांगतो, मोटिवेशन यायची वाट बघत बसू नका, ते कामाच्या आधी येत नाही, थोडं काम झाल्यावर मागनं येतं.

हे माझं डोकं नाही बरं का. अल्बर्ट बांडुरा म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७७ मध्ये मांडलं की 'मला हे जमेल' हा भरवसा माणसाला चार ठिकाणांहून मिळतो. स्वतः करून दाखवलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला तरी करताना बघणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि त्या वेळी शरीर-मन कसं आहे ते. यात सगळ्यात पक्का पहिलाच. आणि आपण काय करतो, तर तिसऱ्यावरच दिवस काढतो, कुणीतरी पाठीवर थाप मारेल म्हणून.

तर पहिल्यापासून सुरू करा. एक साधी वही घ्या, दहा-वीस रुपयांची, खिशात मावेल अशी. शिफ्ट सुटताना दोन ओळी लिहायच्या, आज काय अडलं आणि कसं सुटलं. 'आज छान काम झालं' असलं काही लिहू नका, त्याचा शून्य उपयोग. असं लिहा: "इन्सर्ट बदलल्यावर ओडी ०.०४ जास्त येत होता, एक्सला वेअर ऑफसेट मायनस ०.०४ दिला, पुढचा पीस ओके." (म्हणजे कापायचं टोक बदलल्यावर बाहेरचा व्यास ०.०४ मिमी जास्त येत होता, मशीनमध्ये तेवढीच दुरुस्ती भरली.) महिन्याभराने ही वही उघडली की 'मला काहीच येत नाही' म्हणायला तोंड राहत नाही, कारण येतं ते तुमच्याच अक्षरात समोर लिहिलेलं असतं. ऑफिसात, बँकेत, कॉल सेंटरला असाल तरी हेच, फक्त ऑफसेटच्या जागी एक्सेलचा फॉर्म्युला नाहीतर भडकलेला कस्टमर येईल.

दुसरं, 'जमत नाही' हे फार मोठं होतं, त्याचे तुकडे करा. नेमकं काय जमत नाही? प्रोग्रॅम वाचता येतो का, येतो. मायक्रोमीटर धरता येतो, येतो. मग अडतंय कुठं, तर ड्रॉइंगमधल्या पोझिशन टॉलरन्सवर, म्हणजे भोक वगैरे ठरलेल्या जागेपासून किती सरकलं तर चालतं त्यावर. झालं, म्हणजे शिकायची एवढी एकच गोष्ट आहे, अख्खे तुम्ही बिनकामाचे नाही.

आता विचारायचं कसं, कारण इथंच पोरं लाजतात. लाईन चालू असताना, रिजेक्शनवरून बोंबाबोंब चाललेली असताना सिनियरला गाठू नका, चहाच्या वेळेला गाठा. आणि 'भाऊ कळत नाही' एवढंच नका म्हणू, तुम्ही काय केलं ते पण सांगा, "भाऊ, मी डेटम ए म्हणून हा फेस धरलाय, बरोबर आहे का?" (डेटम म्हणजे माप जिथून धरायचं ती बाजू.) प्रश्न असा आला की समोरच्याला दोन मिनिटांत उत्तर देता येतं, आणि पोरगं डोकं लावतंय हे पण त्याला दिसतं.

प्रेरणाच पाहिजे असेल तर आपल्या जिल्ह्यातली घ्या ना. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, विहिरी खोदायच्या कामाला जायचा, सैन्यात गेल्यावर रोइंग शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने होडी वल्हवायच्या शर्यतीत, तेरावा आला. मला त्याची २०१८ ची गोष्ट जास्त आवडते, एशियन गेम्समध्ये तब्येत बिघडलेली, वैयक्तिक फायनलला शेवटचा आला आणि दुसऱ्या दिवशी टीमसोबत गोल्ड. तरी पण खरं सांगू, रोजच्या कामाला ऑलिम्पिकवाल्यापेक्षा तुमच्या शेजारच्या मशीनवरचा, दोन वर्षं आधी लागलेला पोरगा जास्त कामाचा. तो पण तुमच्यासारखाच भांबावला होता, त्याला विचारा सेटिंग शिकायला किती दिवस लागले.

आणि नाईटला पहाटे तीन वाजता स्वतःबद्दल जो काही निकाल लावाल तो मोजायचा नाही. झोप नाही, पोटात वडापाव, अशा वेळी सगळंच अवघड वाटतं. नोकरी सोडायचा विचार तर जेवून-झोपून झाल्यावरच करायचा.

एक मात्र बघा, कधीकधी दोष तुमच्यात नसतोच. शिकवायला कुणी नाही, ट्रेनीला पहिल्याच दिवशी एकटं मशीनवर उभं केलं, वर चारचौघांत आईबहिणीवरून शिव्या, असं असेल तर कितीही मोटिवेशन आणा, उपयोग नाही. तिथं धीर धरण्यापेक्षा सातपूर, सिन्नरकडे कुठं व्हेकन्सी आहे का बघा, पण हातात दुसरं लेटर आल्याशिवाय राजीनामा टाकू नका. इंटरव्ह्यूला जाताना आदल्या रात्री ती वही चाळून जा, 'काय काय येतं तुला' विचारल्यावर आपली पोरं 'सगळं येतं सर' म्हणून मोकळी होतात, तुम्ही ०.०४ वाला किस्सा सांगा.