सा हलवू नका: गिटारवर मोड शिकताना

मोड, म्हणजे तेच सात सूर वेगवेगळ्या सुराला सा मानून वाजवणं, शिकायला लागलो तेव्हा मीही सी मेजर सात ठिकाणांहून पाठ केला. डीपासून डोरियन, ईपासून फ्रिजियन. बोटं पळायला लागली, पण कानाला सगळं सी मेजरच. कॉलेजच्या गॅदरिंगला एकाने ए मायनर आणि डी असे दोन कॉर्ड धरले आणि मी डीवर ठणकावून एफ लावला. डी कॉर्डमध्ये एफ शार्प असतो. ड्रमरने मान खाली घातली.

घरी तेच घोटत बसलो होतो, तर आई आतून म्हणाली, "काफीचे सूर आहेत ना? मग मधेच कोमल धैवत कशाला लावतोस?" आई पेटी वाजवते. तिथून मी पद्धत बदलली: सा जागचा हलवायचा नाही, सूर बदलायचे.

तानपुऱ्याचं ॲप पांढरी सहावर लावा. ए म्हणजे आपला सा. पाचवी तार मोकळी छेडली की तोच. पाचव्या फ्रेटवरचं मायनर पेंटॅटॉनिक बहुतेकांना येतंच: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. त्यात दोनच सूर घाला. रिषभ पहिल्या तारेवर सातव्या फ्रेटला, शुद्ध धैवत दुसऱ्या तारेवर सातव्याला. झाला डोरियन, म्हणजे आपला काफी थाट (थाट म्हणजे रागांच्या मुळाशी असलेला सात सुरांचा संच). (थाटाचे सूर वाजले म्हणजे राग वाजला असं नाही, हे आई दर वेळी बजावते. बरोबरच आहे.)

आता फोनवर दोन मिनिटं ए मायनर दोन मात्रा, डी दोन मात्रा असं रेकॉर्ड करा आणि त्यावर फक्त दुसरी तार वापरा. डी आला की सातव्या फ्रेटवर धैवतावर थांबा. ए मायनर परतला की पाचव्यावर, पंचमावर उतरा. एवढंच, आठवडाभर. आधी गुणगुणा, मग वाजवा. जिथे श्वास संपेल तिथे बोटांनीही थांबायचं. माझ्या ताना इथेच सुधारल्या, बॉक्स (फ्रेटबोर्डवरचे बोटांचे ठरलेले साचे) पाठ करून नाही.

मग धैवत एक फ्रेट खाली, सहाव्यावर आणा आणि डीऐवजी एफ कॉर्ड धरा: एओलियन, आसावरी थाट. त्यात रिषभही पहिल्या तारेवर सहाव्या फ्रेटला उतरवला की फ्रिजियन, म्हणजे भैरवी. सोबतीला बी फ्लॅट कॉर्ड. मिक्सोलिडियनसाठी काफीकडे परत या आणि तिसऱ्या तारेवरचा गंधार पाचव्यावरून सहाव्या फ्रेटला चढवा, खाली ए सेव्हन. हा खमाज. पाचव्यावरून सहाव्यावर घसरत गेलात तर लगेच ब्लूजचा वास येतो.

लोक्रियन सध्या बाजूला ठेवा. त्यात शुद्ध पंचमच नाही, आणि संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या दहा थाटांतही तो बसत नाही. मी तो अजून एकदाही कुठे वाजवलेला नाही.