पंप ‘मॅन्युअल’वर, कूलर जिन्यात: या चुका टाळा

आग विझवायची यंत्रणा तपासायला कुठल्याही बिल्डिंगच्या पंप रूममध्ये शिरलो की मी आधी फायर पंपाच्या पॅनलवरचा स्विच बघतो. तो ‘ऑटो’वर हवा, म्हणजे गरज पडली की पंप आपला आपण सुरू होतो. ‘मॅन्युअल’वर दिसला की कारण विचारायचीही गरज नसते. कुणीतरी आवाजाची तक्रार केलेली असते.

नागपुरात मनीष नगरच्या एका अकरा मजली इमारतीत असंच झालं. मे महिन्याची दुपार. सातव्या मजल्यावर बाल्कनीतल्या कूलरची मोटर जळाली आणि खसच्या ताटीनं पेट घेतला. वॉचमननं होज रील (आग विझवायचा गुंडाळलेला पाइप) ओढली, व्हॉल्व्ह उघडला. फुस्स! नुसती हवा. पंप दोन महिने मॅन्युअलवर, पंप रूमची चावी सेक्रेटरीसाहेबांकडे, आणि साहेब पुण्याला. शेजारच्या काकूंनी त्या फ्लॅटची लाइट बंद केली, पोरांनी आग विझवायचे दोन सिलिंडर रिकामे केले, म्हणून निभावलं.

मला बोलावलं ते नंतर. दुसऱ्या मजल्यावरचा लँडिंग व्हॉल्व्ह, म्हणजे जिन्याजवळचा फायर लाइनचा नळ, गळत होता, बस. लाइनमधलं प्रेशर थोडं उतरलं की जॉकी पंप, म्हणजे मेन पंपाच्या जोडीचा छोटा पंप, आपोआप सुरू होऊन ते भरून काढतो, ते त्याचं कामच आहे. गळतीमुळे तो रात्रभर दर दहा मिनिटांनी घरघरायचा. खालच्यांची झोप मोडली, कमिटीनं पंपच मॅन्युअलवर टाकून बंद केला. मग वरचं सगळं पाणी गळत गळत दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरलं. वॉशर बदलायला मला अर्धा तास लागला. अहो, जॉकी सारखा सुरू होतोय म्हणजे तो गळतीची चुगली करतोय, त्याचंच तोंड कशाला बांधता?

माझी पद्धत साधी आहे. रात्री प्रेशर गेजचा काटा वहीत लिहायचा, सकाळी पुन्हा बघायचा. महिन्याच्या एक तारखेला सर्वांत वरच्या मजल्यावरची रील उघडायची, पंप आपला आपण सुरू झाला पाहिजे. मेन पंप मात्र हातानं बंद करावा लागतो, हे वॉचमनला करून दाखवा. नाहीतर तो घाबरून पुन्हा मॅन्युअल करून मोकळा होतो.

दुसरी चूक खास आपल्या गावची. पाऊस लागला की कूलर जिन्यात! वाळलेली खस म्हणजे सरपणच, आणि आगीत लिफ्ट वापरायची नाही म्हटल्यावर खाली यायला जिनाच उरतो. त्यात जिन्याचं फायर डोअर ‘हवा येत नाही’ म्हणून वीट लावून उघडं. ते दार धूर अडवायला आहे, वाऱ्यासाठी नाही. मी वीट उचलून सरळ माझ्या गाडीत टाकतो. घरी कुंड्यांखाली बऱ्याच जमल्या आहेत.

बाकी थोडक्यात. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. रिफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी थांबायच्या मोकळ्या जागेत, जिमचं सामान नको. आगीत आपोआप पाणी फवारणाऱ्या छतावरच्या स्प्रिंकलरला रंग लावू नका, पिशवी बांधू नका. त्यातला काचेचा लाल बल्ब ६८ अंशांना फुटतो, आपल्या ४६ च्या उन्हानं नाही.

आणि फॉर्म ‘बी’. २००६ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे तो दरवर्षी जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला म्हणून द्यायचा असतो. परवा एका नव्या सेक्रेटरीचा फोन आला, ‘सर, नुसती सही करून व्हॉट्सॲपवर टाका ना.’ म्हटलं, पंप रूमची चावी काढून ठेवा, येतो.