आधी लोह शोधा, मग निकेलची पाठ थोपटा

पाण्यातून ऑक्सिजन सोडवणारं निकेल हायड्रॉक्साइड बनवलं आणि पहिल्याच चाचणीत व्होल्टेज-प्रवाहाचा आलेख झकास आला, तर पेढे आणायला धावू नका. ती करामत बऱ्याचदा न बोलावता आलेल्या लोहाची असते.

चाचणीच्या द्रावणासाठी बाजारातून आणलेल्या केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये), चांगल्या लेबलच्या डब्यातही, किंचित लोह असतंच. निकेलचा थर ते ओढून घेतो आणि ऑक्सिजन भराभर सुटतो. संशोधक कॉरिगन यांनी हे १९८७ मध्येच दाखवलं. २०१४ मध्ये ट्रोटोशॉ, बोएचर आणि सहकाऱ्यांनी केओएच लोहमुक्त केलं, तेव्हा एकटं निकेल किती मंद आहे ते उघडं पडलं. मी आठवडाभर निकेलमध्ये मिसळलेल्या कोबाल्टला श्रेय देत बसलो होतो. चोर निघाला पावडर खरवडायचा गंजका चमचा!

उपाय कंटाळवाणा आहे, पण करा. निकेल नायट्रेटमध्ये केओएच टाकून हिरवा गाळ पाडा, सेंट्रिफ्यूजमध्ये तीन-चारदा धुवा. तो गाळ चाचणीच्या केओएचमध्ये ढवळून रात्रभर ठेवा. लोह गाळाला चिकटतं. वरची निवळी घ्या. काचेचं भांडं नको, केओएच काच खातं आणि तिच्यातली अशुद्धी पुन्हा द्रावणात उतरते. पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. आता प्रवाहाचा आकडा पडेल. पडू द्या. लोह हवंच असेल तर मोजून घाला.

आलेखात १.३५ ते १.४५ व्होल्टच्या (उलटक्षम हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या, म्हणजे आरएचईच्या तुलनेत) आसपास दिसणारा उंचवटा म्हणजे ऑक्सिजन नव्हे. तिथे निकेलचंच ऑक्सिडीकरण चालू असतं, हिरवा थर काळपट होतो. १० मिलिअँपिअर प्रवाहाला किती व्होल्ट लागतात, तो आकडा परतीच्या, म्हणजे व्होल्टेज उतरवतानाच्या स्कॅनवरून काढा.

द्रावणाचा रोधही वजा करा. ५ ओहम रोध असेल तर १० मिलिअँपिअरला ५० मिलिव्होल्ट तिथेच जातात. पण जास्तीची दुरुस्ती करून आलेख सरळ उभा करू नका.

आणि आपलं नागपूर! नवतप्यात वीज गेली, एसी बंद पडला, की खोली चाळिशीला टेकते. पाणी फोडायला लागणारा १.२३ व्होल्टचा उंबरठा दर अंशाला साधारण ०.८५ मिलिव्होल्टने उतरतो, वर क्रियाही वेगवान होते. म्हणजे मे महिन्यातली पावडर जानेवारीतल्या पावडरीपेक्षा फुकटात ‘सुधारलेली’ दिसते. सेल पाण्याच्या बाथमध्ये २५ अंशांवर ठेवा. बाथ नसेल तर थर्मामीटर द्रावणात बुडवा आणि प्रत्येक आलेखाशेजारी वहीत तापमान लिहा. भिंतीवरच्या थर्मामीटरचं नव्हे, द्रावणाचं.